जमीन म्हणावी अशी जागा

‘लघुग्रह’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर एक लहानसा ग्रह येतो. गोल, घट्ट, आपल्या पृथ्वीची छोटी प्रतिकृती असावी तसा. इंग्रजीतला ‘अ‍ॅस्टेरॉइड’ हा शब्द वेगळे सुचवतो. १८०२ मध्ये विल्यम हर्शेलने तो वापरात आणला आणि त्याचा मूळ ग्रीक अर्थ ‘ताऱ्यासारखा’ असा आहे. दुर्बिणीतून या वस्तू ताऱ्यांप्रमाणे नुसत्या ठिपक्यासारख्या दिसत, म्हणून हे नाव. एका शब्दाने आकार लहान केला, दुसऱ्याने दिसणे नोंदवले. तिथे पाय टेकला तर खाली काय लागेल, या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन्ही शब्दांत नाही.

गेल्या पाव शतकात चार यानांनी पृथ्वीच्या आसपास फिरकणाऱ्या लघुग्रहांना स्पर्श केला. २००१ मध्ये एरॉस, २००५ मध्ये इतोकावा, २०१९ मध्ये र्‍युगू आणि २०२० मध्ये बेन्नू. या मोहिमांचा इतिहास बहुतेक वेळा विजयकथेच्या अंगाने सांगितला जातो: इतक्या कोटी किलोमीटरचा प्रवास, इतकी अचूकता, इतके ग्रॅम माती. त्यात खोटे काही नाही. पण या मोहिमांचे अहवाल क्रमाने वाचत गेल्यावर मला त्यात आणखी एक धागा दिसतो. प्रत्येक वेळी यान पाठवणाऱ्यांनी तिथल्या जमिनीविषयी काही गृहीत धरले होते, आणि जवळून पाहिल्यावर किंवा प्रत्यक्ष टेकल्यावर त्यातले काही ना काही कोसळले. लघुग्रहांविषयीचे आपले आजचे ज्ञान म्हणजे या कोसळण्यांची बेरीज आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. यांपैकी एखादा उद्या आपल्या वाटेवर आला तर त्याला ढकलायचे कसे, हे तो कशाचा आणि कसा बनला आहे यावरच ठरणार आहे.

मोजपट्टी झालेला दगड

१३ ऑगस्ट १८९८ रोजी बर्लिनच्या उरानिया वेधशाळेत गुस्टाव्ह विट यांना छायाचित्राच्या काचेवर एक नवा ठिपका सापडला. त्याच रात्री फ्रान्समधील नीस येथे ओग्यूस्त शार्ल्वा यांनीही त्याचे छायाचित्र घेतले होते. तोवर माहीत असलेले चारशेहून अधिक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात राहणारे होते. हा मात्र मंगळाची कक्षा ओलांडून आत, पृथ्वीच्या बाजूला येत होता. त्याला एरॉस हे नाव मिळाले. पृथ्वीसमीप लघुग्रहांच्या यादीतला हा पहिला.

खगोलशास्त्रज्ञांना त्याचा आनंद झाला, पण तो एका निराळ्याच कारणाने. पृथ्वीपासून सूर्य नेमका किती दूर आहे हे ठरवण्यासाठी जवळ येणारी आणि ठिपक्याइतकी रेखीव दिसणारी वस्तू हवी होती. एरॉस त्या कामाला अगदी योग्य निघाला. १९००-०१ आणि १९३०-३१ या दोन जवळच्या भेटींच्या वेळी जगभरच्या वेधशाळांनी त्याची स्थाने टिपली. दुसऱ्या भेटीतील मोजमापांवर हॅरोल्ड स्पेन्सर जोन्स यांनी वर्षानुवर्षे आकडेमोड केली आणि १९४१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढे रडार येईपर्यंत सूर्याच्या अंतराच्या उत्तम मोजमापांत त्याची गणना होत असे. म्हणजे निम्म्याहून अधिक शतक एरॉस ही एक मोजपट्टी होती. मोजपट्टी कोणत्या लाकडाची आहे याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

त्याच्या अंगाविषयी एक गोष्ट मात्र लवकरच कळली होती. १९०१ मध्ये एगॉन फॉन ओपोल्झर यांनी एरॉसचा प्रकाश थोड्या थोड्या तासांनी कमीजास्त होत असल्याचे दाखवले. याचा सरळ अर्थ, तो गोल नसावा. लांबट दगड फिरताना कधी आपली रुंद बाजू दाखवतो, कधी निमुळती. ‘छोटा ग्रह’ या कल्पनेला बसलेला हा पहिला धक्का.

दोन कोडी

विसाव्या शतकाच्या अखेरीस यान पाठवण्याची तयारी सुरू झाली तेव्हा शास्त्रज्ञांपुढे दोन कोडी होती.

पहिले कोडे रंगाचे. पृथ्वीवर पडताना पाहिलेल्या उल्कापाषाणांपैकी फार मोठा हिस्सा ‘सामान्य कॉन्ड्राइट’ या एकाच घराण्यातला असतो. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात दगडांचा जो वर्षाव झाला, तेही याच घराण्यातले. इतके दगड सतत येतात म्हटल्यावर त्यांचे उगमस्थानही मुबलक असले पाहिजे. पण आकाशात सर्वाधिक दिसणाऱ्या ‘एस’ प्रकारच्या लघुग्रहांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले की ते या उल्कापाषाणांशी जुळत नसे. लघुग्रह अधिक काळपट आणि तांबूस दिसत. पाहुणे रोज घरी येतात, पण त्यांच्या गावाचा पत्ता लागत नाही, अशी ही अवस्था होती. काहींचे म्हणणे होते की गाव तेच आहे, फक्त लाखो वर्षे सौरवारा आणि सूक्ष्म कणांचा मारा सोसून दगडांचा वरचा रंग विटला आहे. तर्क चांगला होता, पुरावा हातात नव्हता.

दुसरे कोडे बांधणीचे. लघुग्रह हा एकसंध कातळ आहे की तुटक्या दगडांचा ढीग? १९९६ मध्ये अ‍ॅलन हॅरिस यांनी एक लक्षणीय गोष्ट मांडली: सुमारे दोनशे मीटरपेक्षा मोठे लघुग्रह सव्वादोन तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फेरी पूर्ण करताना जवळपास दिसतच नाहीत. एकसंध कातळाला असे बंधन असायचे कारण नाही. पण केवळ परस्परांच्या क्षीण गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेला ढीग त्याहून वेगाने फिरला तर उधळून जाईल. २७ जून १९९७ रोजी ‘निअर’ यान माथिल्ड या लघुग्रहाजवळून गेले आणि त्याची घनता पाण्याच्या जेमतेम १.३ पट निघाली. दगड पाण्यापेक्षा निदान दोन-अडीचपट जड असतो. म्हणजे माथिल्डच्या पोटात बरीचशी पोकळी होती.

न ठरवलेले उतरणे

हेच ‘निअर’ यान एरॉसकडे निघाले होते. १७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्याचे उड्डाण झाले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने ते बांधले होते. डिसेंबर १९९८ मध्ये एरॉसच्या दारातच त्याचे इंजिन मध्येच बंद पडले, यान भरकटले आणि लघुग्रहाला नुसते ओलांडून पुढे गेले. सूर्याभोवती आणखी एक फेरी मारून १४ फेब्रुवारी २००० रोजी ते एरॉसच्या कक्षेत शिरले. लघुग्रहाभोवती फिरणारे ते पहिले यान. विवरांच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप देणारे यूजीन शूमेकर १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात मोटार अपघातात गेले होते. त्यांच्या स्मरणार्थ यानाचे नाव ‘निअर शूमेकर’ झाले.

वर्षभर यानाने सुमारे चौतीस किलोमीटर लांबीच्या या दगडाची दीड लाखाहून अधिक छायाचित्रे घेतली. एरॉस माथिल्डसारखा पोकळ निघाला नाही. त्याची घनता पाण्याच्या २.६७ पट होती. तडे गेलेला, पण मुळात एकसंध असा तो दगड होता. आश्चर्य होते ते वरच्या थरात. लहान विवरे अपेक्षेपेक्षा कमी आणि धोंडे मात्र विपुल. काही विवरांच्या तळाशी बारीक धूळ अशी सपाट साचली होती की शास्त्रज्ञांनी त्या जागांना ‘तळी’ म्हटले. वारा नाही, पाणी नाही, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी. मग ही धूळ सखल भागात आणून नेटकी पसरली कोणी? धक्क्यांच्या हादऱ्याने ती घरंगळली असेल, किंवा सूर्यप्रकाशाने विद्युतभारित होऊन कण उडत असतील, अशी दोन उत्तरे पुढे आली.

मोहीम संपत आली तेव्हा यानाला हळूच खाली उतरवून पाहावे असे ठरले. या यानाला पाय नव्हते. ते उतरण्यासाठी बांधलेलेच नव्हते. १२ फेब्रुवारी २००१ रोजी माणसाच्या झपझप चालण्याइतक्या वेगाने ते एरॉसवर टेकले. शेवटचे छायाचित्र सव्वाशे मीटरच्या आसपास उंचीवरून घेतलेले आहे. ते पाठवत असतानाच यान जमिनीला लागले, त्यामुळे त्याचा खालचा भाग आलाच नाही. पण यान जिवंत राहिले. त्यावरील गॅमा किरणांचे उपकरण कक्षेतून नीट मोजमाप करू शकत नव्हते, ते आता थेट मातीला टेकले होते. २८ फेब्रुवारीपर्यंत त्याने माहिती पाठवली. दुरून न कळणारे टेकल्यावर कळते, हा पहिला धडा इथे मिळाला, आणि तोही ठरवून नव्हे.

इतोकावा: काहीच ठरल्याप्रमाणे न होण्याची गोष्ट

ठरवून स्पर्श करण्याची जबाबदारी जपानने घेतली. अंतराळ विज्ञानात तो तेव्हा फार श्रीमंत देश नव्हता. ‘हायाबुसा’, म्हणजे बहिरी ससाणा, या यानाचा मूळ हेतू तंत्रज्ञान आजमावण्याचा होता. लघुग्रहाची निवडही दोनदा बदलावी लागली. अखेरीस निवडला गेलेला लघुग्रह १९९८ मध्येच सापडलेला होता. यानाच्या उड्डाणानंतर त्याला हिदेओ इतोकावा यांचे नाव देण्यात आले. युद्धकाळात ‘हायाबुसा’ याच नावाच्या लढाऊ विमानाच्या आराखड्यावर काम केलेल्या या अभियंत्याने, पराभवानंतर जपानवर घातलेली विमानबांधणीची बंदी उठल्यावर, १९५५ मध्ये अवघ्या तेवीस सेंटिमीटर लांबीचे ‘पेन्सिल रॉकेट’ आडवे उडवून जपानी रॉकेटविद्येचा आरंभ केला होता.

९ मे २००३ रोजी उचिनौरा येथून यान निघाले. झेनॉन वायू वापरणारी चार आयन इंजिने त्याला अतिशय मंदपणे पण सतत ढकलत राहिली. सप्टेंबर २००५ मध्ये ते इतोकावाजवळ पोचले तेव्हा दिशा सांभाळणाऱ्या तीन चक्रांपैकी एक आधीच बंद पडले होते. ऑक्टोबरच्या आरंभी दुसरेही गेले.

समोर जे दिसले ते कोणाच्याच कल्पनेत नव्हते. लांबी सुमारे ५३५ मीटर, आकार एखाद्या पाणमांजराने अंग मुडपून तरंगावे तसा. मोठी विवरे जवळपास नाहीतच. अंगभर धोंडे, त्यांतला एक पन्नास मीटरचा. एवढ्याशा दगडावर इतका मोठा धोंडा आघाताने उडून पडलेला असणे शक्य नव्हते. आधीचा मोठा लघुग्रह फुटला आणि त्याचे तुकडे पुन्हा गोळा झाले, असेच मानावे लागत होते. घनता १.९ निघाली. याचा अर्थ त्याच्या एकूण आकारमानापैकी सुमारे चाळीस टक्के जागा रिकामी होती. ढिगाऱ्याचा सिद्धांत आता नुसता सिद्धांत राहिला नव्हता, त्याचे छायाचित्र समोर होते.

या धोंड्यांच्या मधोमध काही सपाट, गुळगुळीत पट्टे होते. तिथे मिलिमीटर-सेंटिमीटर आकाराची खडी साचलेली होती. दिवाळीच्या चिवड्याचा डबा हलवत राहिले की चुरा आणि तिखटमीठ आपोआप तळाला जाते आणि मोठे जिन्नस वर राहतात. इतोकावावरही असेच काही घडत असावे. लहानशा आघातानेही सगळा ढीग थरथरतो आणि बारीक खडी सरकत सरकत सखल भागात जाऊन बसते. म्हणजे ही जमीन स्थिर नव्हती, सतत चाळली जात होती.

इथल्या जागांना जपानी शास्त्रज्ञांनी दिलेली नावे मला फार बोलकी वाटतात. सागामिहारा हे त्यांच्या संस्थेचे शहर, योशिनोदाई ही संस्थेची वस्ती, फुचिनोबे हे जवळचे रेल्वेस्थानक, उचिनौरा हे उड्डाणाचे ठिकाण आणि वूमेरा हे ऑस्ट्रेलियातले वाळवंट, जिथे नमुने परत यायचे होते. नव्या मुलखात गेलेली माणसे गावाकडची नावे सोबत नेतात, तसेच हे. अनोळखी जागेला आधी ‘आपली’ म्हणायचे आणि मग तिच्यावर उतरायचे.

उतरणे मात्र अवघड होते. तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक लक्षांश. छातीच्या उंचीवरून सोडलेला खडा जमिनीवर पडायला तीन मिनिटे घेईल आणि माणसाने साधी उडी मारली तर तो कधीच परत येणार नाही. पृथ्वीवरून निघालेली आज्ञा यानापर्यंत पोचायला सोळा मिनिटांच्या आसपास लागत. १२ नोव्हेंबरला सोडलेला ‘मिनर्व्हा’ हा अर्ध्या किलोपेक्षा थोडा जड यंत्रमानव याच विलंबाचा बळी ठरला. सोडण्याची आज्ञा पोचली तेव्हा यान खाली येत नव्हते, वर जात होते. मिनर्व्हा इतोकावावर पडण्याऐवजी अवकाशात निघून गेला.

जपानी वेळेनुसार २० नोव्हेंबरला यानाने ८ लाख ८० हजार लोकांची नावे कोरलेला खूणगोळा खाली टाकला आणि त्यामागोमाग ते उतरू लागले. वाटेत अडथळा असल्याचा इशारा संवेदकाने दिला, उतरणे रद्द व्हायला हवे होते, पण यानाची त्या क्षणीची स्थिती तसे करू देणारी नव्हती. ते टेकले, उसळले, पुन्हा टेकले आणि सुमारे अर्धा तास तिथेच पडून राहिले. यान पृष्ठभागाच्या वर कुठेतरी तरंगत आहे अशीच नियंत्रण कक्षातल्या लोकांची समजूत होती. ते जमिनीवर होते हे काही दिवसांनी नोंदी तपासल्यावर उमगले.

२६ नोव्हेंबरला दुसरा प्रयत्न झाला. यानाच्या खाली मीटरभर लांबीचे नळकांडे होते. ते पृष्ठभागाला लागले की टँटलम धातूची पाच ग्रॅमची गोळी सेकंदाला तीनशे मीटर वेगाने झाडायची आणि उडालेला चुरा वर पकडायचा, अशी योजना होती. सर्व काही ठरल्याप्रमाणे झाल्याचा संदेश आला. पुढे नोंदींवरून कळले की गोळी सुटलीच नसावी. त्यानंतर इंधन गळाले, डिसेंबरमध्ये संपर्क तुटला आणि तो २३ जानेवारी २००६ रोजी परत मिळाला. २००७ मध्ये व्हायचे परतणे २०१० वर गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये उरलेली इंजिनेही थकली, तेव्हा एका इंजिनाचा आयन सोडणारा भाग आणि दुसऱ्याचा प्रभार समतोल ठेवणारा भाग जोडून त्यांचे मिळून एक इंजिन चालवण्यात आले. अशा जोडणीची सोय एका छोट्या विद्युतमंडलाच्या रूपाने अभियंत्यांनी आधीच करून ठेवली होती. १३ जून २०१० रोजी वूमेराच्या आकाशात यान जळून गेले आणि चाळीस सेंटिमीटर व्यासाची कुपी छत्रीने खाली आली.

जपानमध्ये या परतण्याला वीरगाथेचे रूप आले. त्यावर तीन चित्रपट निघाले. जिद्दीची ही गोष्ट मलाही हलवून जाते. पण खरा क्षण मला त्यानंतरचा वाटतो. कुपी उघडली तेव्हा आत डोळ्यांना काहीच दिसले नाही. गोळी सुटली नव्हती, मग दिसणार काय? तरीही शास्त्रज्ञांनी टेफ्लॉनच्या पट्टीने आतल्या भिंती खरवडल्या आणि तो अदृश्य ऐवज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. नोव्हेंबर २०१० मध्ये जाहीर झाले की सुमारे दीड हजार कण इतोकावाचे आहेत. बहुतेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. यान फसून आदळले, तेव्हा धूळ उडून आत गेली होती. ठरलेली योजना फसली आणि तिच्या फसण्याने नमुना मिळाला.

या धुळीने रंगाचे कोडे सोडवले. कणांची घडण सामान्य कॉन्ड्राइटांच्या एका उपप्रकाराशी जुळली आणि त्यांच्या पृष्ठभागावर लोहाचे अतिसूक्ष्म कण असलेला, रंग बदलून टाकणारा पातळ थर सापडला. काटोलला पडलेल्या दगडांसारख्या पाहुण्यांचे गाव सापडले. ते इतके दिवस समोरच होते, फक्त त्याच्या भिंती विटलेल्या होत्या. धुळीने आणखीही सांगितले. काही कण कधीकाळी आठशे अंशांपर्यंत तापून सावकाश निवलेले होते. एवढी ऊब एवढ्याशा दगडात टिकणे शक्य नाही. म्हणजे ते एका कितीतरी मोठ्या, आता नसलेल्या लघुग्रहाच्या पोटातले होते. आणि कणांत अडकलेल्या वायूंवरून असे दिसले की दर दहा लाख वर्षांत इतोकावाचा काही दशक सेंटिमीटर थर अवकाशात उडून जातो. ही जमीन आपल्या मालकाला सोडून चालली आहे.

वाळू नव्हे, सच्छिद्र धोंडे

पुढच्या दोन मोहिमा कोळशासारख्या काळ्या, कार्बनयुक्त लघुग्रहांकडे गेल्या. जपानचा ‘हायाबुसा-२’ जून २०१८ मध्ये र्‍युगूला पोचला, तर अमेरिकेचे ‘ओसायरिस-रेक्स’ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेन्नूला. दोघांनीही इतोकावाचा अनुभव गाठीशी ठेवून तयारी केली होती. दोघांनाही सपाट, बारीक मातीच्या मोकळ्या जागा मिळतील अशी आशा होती आणि तिला आधार होता.

हा आधार उष्णतेच्या मोजमापाचा. कोकणात दुपारी किनाऱ्यावरची वाळू पाय भाजते, पण सूर्य कलला की लवकर निवते. सड्यावरचा कातळ मात्र दिवस मावळल्यावरही ऊब धरून असतो. दुर्बिणीतून बेन्नूचे तापणे-निवणे पाहिले तेव्हा ते वाळू-खडीसारखे दिसले. जवळ गेल्यावर समोर आले ते धोंडेच धोंडे. र्‍युगूवरही तेच. मोजमाप चुकीचे नव्हते, त्याचा लावलेला अर्थ अपुरा होता. हे धोंडे इतके सच्छिद्र आहेत की ते वाळूसारखे झटकन तापतात आणि निवतात. पृथ्वीवरच्या कातळाची सवय झालेल्या बुद्धीला असा दगड सुचला नव्हता.

र्‍युगूवर उतरण्यासाठी शंभर मीटर रुंदीची जागा मनात धरली होती, हाती आली ती सहा मीटरची. ऑक्टोबर २०१८ चे उतरणे पुढे ढकलून सर्व गणिते नव्याने करावी लागली. दरम्यान लहान यंत्रमानव तिथे सोडण्यात आले होते. त्यांना चाके नव्हती, कारण जिथे वजनच नाही तिथे चाक कशाला धरणार? ते टुणटुण उड्या मारत फिरले. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी हायाबुसा-२ ठरलेल्या जागी सुमारे मीटरभराच्या अचूकतेने टेकले आणि या वेळी गोळी सुटली.

एप्रिलमध्ये त्याने मला सर्वांत उद्बोधक वाटणारा प्रयोग केला. दोन किलो तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने र्‍युगूवर मारला. त्या एवढ्याशा गोळ्याने सुमारे पंधरा मीटर व्यासाचे विवर खणले. बुलढाण्यातले लोणारचे विवर बेसाल्टच्या कठीण कातळात कोरले गेले आहे. तिथे आघाताला खडकाची ताकद फोडावी लागली. र्‍युगूवर फोडण्यासारखे काही नव्हतेच. कणाला कण धरून ठेवत नव्हता, फक्त क्षीण गुरुत्वाकर्षण त्यांना एकत्र ठेवत होते. डिसेंबर २०२० मध्ये ५.४ ग्रॅम नमुने वूमेराला पोचले.

बेन्नूवरची गोष्ट याच्याही पुढची. ‘नाइटिंगेल’ नावाच्या लहानशा विवरात २० ऑक्टोबर २०२० रोजी यानाने आपला तीन मीटरहून लांब हात टेकवला आणि नायट्रोजन वायूचा झोत सोडला. हात थांबलाच नाही. ज्वारीच्या राशीत कोपरापर्यंत हात जावा, त्याहूनही सहज तो अर्धा मीटर आत गेला. काही सेकंदांनी वर नेणारी इंजिने सुरू झाली नसती तर यान तसेच आत शिरत राहिले असते, असे शास्त्रज्ञांनी नंतर सांगितले. पायाखालची जमीन सरकणे हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. इथे ते अक्षरशः घडले. माती इतकी आली की नमुनापात्राचे झाकण दगडांनी अडून उघडे राहिले आणि काही ऐवज बाहेर सांडू लागला. घाईने पात्र बंद करण्यात आले. २४ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील युटा राज्यात कुपी उतरली. साठ ग्रॅमची अपेक्षा असताना १२१.६ ग्रॅम माती मिळाली. त्यात पुढे खाऱ्या पाण्याच्या खुणा आणि जीवसृष्टीला लागणारी अमिनो आम्ले सापडली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

ढकलायचे कशाला?

या साऱ्याचा व्यवहाराशी असलेला संबंध २६ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट झाला. अमेरिकेचे ‘डार्ट’ यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डिमॉर्फोस या दीडशे मीटरच्या आसपासच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. तो डिडिमॉस नावाच्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी प्रयोग यशस्वी मानायचा, असे ठरले होते. प्रत्यक्षात फरक पडला सुमारे तेहेतीस मिनिटांचा. कारण पुन्हा तेच. डिमॉर्फोसही धोंड्यांचा ढीग आहे. आघाताने उडालेल्या दगडमातीने उलट दिशेने रेटा दिला आणि तो यानाच्या स्वतःच्या धक्क्याहून मोठा ठरला. सच्छिद्र ढीग धक्का गिळून टाकेल अशीही शक्यता होती. यांतले काय घडेल हे प्रत्येक लघुग्रहाच्या बाबतीत निराळे असू शकते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड वीस मीटरच्या आसपासचा होता, तरी फुटलेल्या काचांनी व तत्सम कारणांनी सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. म्हणून इतोकावाच्या धुळीपासून बेन्नूच्या अर्ध्या मीटरच्या खड्ड्यापर्यंतची प्रत्येक फसगत ही भविष्यातल्या एखाद्या निर्णयाची पूर्वतयारी आहे, असे मी मानतो.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा सुमारे ३४० मीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे आपल्या दूरसंचार उपग्रहांच्याही आतून जाईल. तो आदळणार नाही. पण पृथ्वीच्या ओढीने त्याच्या अंगावरचे दगड हलतील का, हे पाहायला बेन्नूहून आलेले तेच यान नव्या नावाने त्याच्यामागे जाणार आहे.

आणि हायाबुसा-२ ला २०३१ मध्ये १९९८ केवाय२६ नावाच्या लघुग्रहापाशी पोचायचे आहे. त्याचा व्यास सुमारे अकरा मीटर, आपल्याकडच्या तीनमजली इमारतीएवढा. तो पाचेक मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. इतक्या वेगात त्याच्या मध्यभागी ठेवलेला सुटा खडा खाली बसणार नाही, बाहेर भिरकावला जाईल. तिथे ‘खाली’ ही दिशाच उलटी आहे. तिथे टेकायचे म्हटले तर यानाला उतरता येणार नाही, छताला हात लावावा तसे स्पर्शून परत फिरावे लागेल. एरॉसपासून बेन्नूपर्यंत आपण जमीन किती भुसभुशीत असू शकते हे शिकत आलो. तिथे कदाचित, जमिनीशिवायचा दगड कसा असतो हे कळेल.